गढूळ पाण्यातला गळ: मुठेकाठच्या पावसाळी नोंदी

२ जून

वडिलांचा बांबूचा गळ माळ्यावरून खाली काढला. दोरी कुजली होती, पण शेंडा अजून लवचिक आहे. नवी दोरी, तीन आकारांच्या गऱ्या आणि शिशाच्या गोळ्या आणल्या. यंदा नुसतं गळ टाकून बसायचं नाही, नोंदी ठेवायच्या.

प्रश्न एवढाच आहे: पुण्यात जोराचा पाऊस झाला की मुठेतला मासा कुठे जातो, आणि किती दिवसांनी गळाला लागतो? गेली सहा वर्षं मी ऐकीव गोष्टींवर मासे धरतेय. कोणी म्हणतं पाऊस थांबल्या थांबल्या जा, कोणी म्हणतं पाणी निवळल्यावर. दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतले आहे आणि दोन्ही वेळा पिशवी भरूनही आले आहे. म्हणजे काहीतरी मी बघतच नाही.

जागा चार ठरवल्या. नांदेड-शिवणे पुलाची वरची बाजू, विठ्ठलवाडी, आंबिल ओढा मुठेला मिळतो तिथला काठ, आणि सगळ्यात खाली संगमापलीकडे बंडगार्डनचा बंधारा. सामान: थर्मामीटर, पाण्यातला प्राणवायू मोजायची थेंबांची किट, स्प्रिंगचा काटा, आणि घरी केलेली तबकडी. स्टीलच्या ताटलीला काळा-पांढरा रंग देऊन, मधोमध भोक पाडून गाठी मारलेली दोरी ओवली. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. गढूळपणा मोजायला याहून स्वस्त साधन नाही.

नियम एकच. विठ्ठलवाडीच्या खाली धरलेला मासा घरी आणायचा नाही.

३ जून

मामांना वही दाखवली. ते माझे नात्यातले नव्हेत. तीन पिढ्या मुठेवर जाळं टाकणारं त्यांचं भोयाचं घर, मी त्यांना पहिल्या दिवसापासून मामाच म्हणते. वही उलटसुलट करून म्हणाले, "लिही पोरी. पण पावसाचं पाणी आणि धरणाचं पाणी वेगळ्या पानांवर लिही. दोन नद्या आहेत त्या."

तेव्हा मला ते नीट कळलं नाही. तरी दोन रकाने केले.

१० जून

वळवाचा पहिला मोठा पाऊस काल संध्याकाळी झाला, दीड तास. आज सकाळी सहाला ओढ्याच्या तोंडाशी गेले.

पाणी वाढलेलं, काळपट, वर तेलाचा तवंग. तबकडी दुसऱ्या गाठीलाच नाहीशी झाली, म्हणजे जेमतेम वीतभर. आणि पाण्यावर सगळीकडे तोंडं! शेकडो चिलापी पृष्ठभागाला चिकटून तोंड उघडत-मिटत होते. काठाला वीसेक मेलेले. दोन माणसं हाताने गोळा करून पिशवीत भरत होती.

किटने मोजलं: लिटरला १ मिलिग्रॅमच्याही खाली. २५ अंशांच्या स्वच्छ पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीनच्या खाली बहुतेक मासे घाबरेघुबरे होतात. काल नदीत आलं ते आभाळातलं पाणी खरं, पण त्याआधी ते आठ महिन्यांचे रस्ते, गटारं आणि नाले धुऊन आलं. तुंबलेल्या नाल्याच्या तळाचा गाळ एका तासात पात्रात उतरला, आणि तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतात. म्हणजे पाऊस पडला, नदी वाढली आणि त्याच रात्री तिचा श्वास कोंडला.

वर तोंड काढलेला मासा गळाला सहज लागेल असं वाटतं. तसं होत नाही. गुदमरलेला मासा खात नाही. तासभर गांडूळ टाकून बसले, एकदाही दोरी हलली नाही. पण त्याच पाण्यात मधूनच एक मरळ शांतपणे वर येई, हवेचा घोट घेई आणि खाली जाई. मरळीला डोक्यात हवा साठवायची पोकळी असते. ती हवेवरच इतकी अवलंबून असते, की तिला वर येऊ दिलं नाही तर मासा असून बुडून मरते. मांगूरही असाच हवेचे घोट घेतो. नाल्यांत शेवटी कोण उरतं ते यावरून कळतं.

पिशवी भरणाऱ्या माणसांशी बोलले. मी म्हणाले, हे खाऊ नका. एक म्हणाला, "ताई, आत्ता मेलेत, ताजे आहेत." त्याच्या पिशवीत रात्रीच्या जेवणाची सोय होती आणि माझ्या हातात किट. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही.

११ जून

तीच जागा. प्राणवायू दोनच्या आसपास. तोंडं दिसत नाहीत. गळाला काही नाही.

१९ जून

आज मासे धरले नाहीत, पण या हंगामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुधा आज पाहिली.

माझं आजोळ माणगावजवळ. मृगाच्या पहिल्या मुसळधार पावसात तिथे रात्री कंदील घेऊन सगळं गाव ओढ्यावर जायचं. वलगण लागली, म्हणायचे. नदीतले मासे अंडी घालायला लोंढ्याच्या उलट्या दिशेने ओढ्यांत, ओढ्यांतून भातखाचरांत चढायचे. घाटावर त्यांनाच चढणीचे मासे म्हणतात. आजी टोपली भरली की थांबायची आणि बाकीच्यांनाही थांबवायची. "पोटुशी आहेत, निम्मी वर जाऊ द्या," असं तिचं म्हणणं असे.

काल रात्रभर झोडपलं. सकाळी नांदेडच्या बाजूला, शेतातून येणारा एक लहान ओढा नदीला मिळतो तिथे उभी होते. या ओढ्याचं पाणी मातकट, पण तेल नाही, वास नाही. आणि त्याच्या तोंडाशी पाणी चांदीसारखं चमकत होतं. बोटाएवढे, वीतभर लांबीचे मासे, गर्दी करून वर झेपावत होते. शंभर पावलांवर ओढ्यावर लहानशी मोरी आहे. मोरीच्या खाली काँक्रीटचा कट्टा, पाण्याच्या पातळीपासून गुडघाभर उंच. मासे उडी मारत, काँक्रीटवर आपटत, खाली पडत, पुन्हा उडी मारत. मी चाळीस मिनिटं मोजत होते. एकही वर गेला नाही.

शहराच्या आत तर हा प्रश्नच नाही, तिथले ओढे भिंतींत आणि स्लॅबखाली गेले. इथे ओढा अजून जिवंत आहे, वर दोन शेतं आणि एक पाणथळ आहे, मासेही आले आहेत. अडलंय ते दीड फुटावर.

२० जून

मामा आणि मी शेताच्या मालकांना भेटलो. त्यांनी दगड रचायला आनंदाने होकार दिला. दुपारभर राबून मोरीच्या खाली दगडांचा उतार केला. संध्याकाळी थोडे मासे दगडांच्या फटींत दिसले. वर गेले की नाही ते अंधारात कळलं नाही.

४ जुलै

आता कुठे मासा सापडू लागला, तेव्हा तंत्राबद्दल नीट लिहिते.

सलग चार दिवस मध्यम पाऊस. रस्ते धुऊन झालेत, त्यामुळे ओढ्याच्या पाण्याला १० जूनचा काळेपणा नाही. विठ्ठलवाडीला तबकडी चार गाठी, प्राणवायू साडेचार. आज सकाळी तीन तासांत दोन शिंगटे, एक वाम, पाच चिलापी.

चढत्या पाण्यात बसू नये, ही पहिली गोष्ट. पाणी चढत असताना मासा जागा बदलत असतो, शिवाय दोरीला कचराच लागतो. काठाला काडी रोवून खूण करायची. पाणी काडीवरून बोटभर खाली उतरलं की गळ टाकायचा. आजवरच्या सगळ्या चांगल्या सकाळी उतरत्या पाण्याच्या आहेत, हे वही उलटून पाहिल्यावर दिसलं. लोकांची दोन्ही मतं अर्धीच होती. पाऊस थांबून किती वेळ झाला यापेक्षा पाणी वर जातंय की खाली येतंय, हे पाहायला हवं होतं.

मध्यात टाकून उपयोग नाही, ही दुसरी. लोंढ्यात मासाही दमतो. पुलाच्या खांबामागे पाणी उलटं फिरतं, बुडालेल्या झाडाच्या आडोशाला ते थांबतं, काठच्या गवतावर पाणी आलं की त्यातली गांडुळं आणि किडे सुटतात. मासा तिथे असतो, काठापासून चार-पाच हातांवर. मी इतकी वर्षं उगाच लांब फेकत होते.

आणि गढूळ पाण्यात डोळ्यांनी खाणारा मासा उपाशी राहतो, नाकाने खाणाऱ्याची चंगळ होते. शिंगट्याच्या मिशा म्हणजे त्याची जीभच. त्याला गांडूळ चिरडून लावायचं. मामा गांडुळाला दानवं म्हणतात. रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून त्यात हिंग. शिसं नेहमीपेक्षा दुप्पट, कारण आमिष तळाला स्थिर राहिलं तरच वास पसरतो.

शिंगट्याचा काटा हाताला लागला. लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी केली आणि जखम पाण्याबाहेर ठेवली. पावसाळ्यात शहराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, आणि त्यातून पसरणाऱ्या लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाला) अंगात शिरायला छोटी जखम पुरते. येताना डॉक्टरांकडे जाऊन आले. गमबूट आणि रबरी हातमोजे यापुढे सक्तीचे, मला आणि मामांनाही. मामा नको म्हणत होते, दुसऱ्या जोडीचे पैसे दिल्याचं सांगितल्यावर त्यांनी घातले.

१२ जुलै

पानशेतचा दिवस. १९६१ साली आजच्याच तारखेला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि पाणी पेठांत शिरलं. मामा तेव्हा कडेवर होते, त्यांच्या आईने पर्वतीवर नेलं. आज ते जाळं टाकत नाहीत. मीही गेले नाही.

२४ जुलै

धरणक्षेत्रात धुवाधार. खडकवासल्याची साठवणक्षमता दोन टीएमसीहूनही (अब्ज घनफूट) कमी, १.९७. वर टेमघर, वरसगाव, पानशेत भरत आली की खडकवासल्याला पाणी धरून ठेवायला जागाच नसते, ते नदीत सोडावं लागतं. दुपारी विसर्ग सुरू झाल्याचं कळलं. संध्याकाळी भोंगा वाजला, नदीपात्रातल्या रस्त्यावरून गाड्या काढायला सांगत होते.

आज आणि पुढचे दोन दिवस नदीजवळ जायचं नाही, असं वहीत लाल शाईने लिहिलं. २०२४ च्या २५ जुलैला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) वर गेला, सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले ते घरातल्या पाण्यात. त्याच पहाटे पुलाची वाडीत तिघे विजेच्या धक्क्याने गेले. पाण्याची ओढ दिसते, त्यात उतरलेली वीज दिसत नाही. पुराच्या पाण्यात गळ टाकायला उभ्या राहणाऱ्या पोरांना मी दरवर्षी ओरडते. यंदा चौघांना भिडे पुलाच्या बाजूने परत पाठवलं. एकाने तोंड वाकडं केलं, पण गेला.

२७ जुलै

विसर्ग कमी झालाय, पण चालू आहे. म्हात्रे पुलावरून अर्धा तास नुसती बघत उभी होते.

वास नाही. मी सहा वर्षांत या पुलावर नाक न दाबता उभी राहिलेले दिवस मोजले तर ते सगळे असेच निघतील. पाण्याचा रंग चहासारखा, मातीचा. जलपर्णीचा एक तुकडा नाही, सगळी वाहून गेली. आज मामांचे दोन रकाने समजले. एरवी धरणाचं पाणी शहराला, आणि पुढे कालव्याने हवेली-दौंड-इंदापूरच्या शेतांना जातं. पात्रात खडकवासल्याच्या खाली जे वाहतं ते बहुतेक आपलं वापरलेलं पाणी. पाऊस पडला की त्यात नाल्यांची भर. धरण सुटतं तेव्हाच मुठा सह्याद्रीतून आलेलं पाणी घेऊन पुण्यातून वाहते. वर्षातले काही दिवस.

२८ जुलै

नांदेड-शिवणे, उतरतं पाणी, काठावरून. प्राणवायू सात! किट दोनदा तपासली. तबकडी सहा गाठी. पेंडीच्या गोळ्याला रोहू, काट्यावर १ किलो ८०० ग्रॅम. हातात धरल्यावर खवल्यांची लाली दिसली, कल्ले गर्द तांबडे. १० जूनला मेलेल्या चिलापींचे कल्ले मातकट होते. हा धरणातून आलेला. तासाभरात आणखी एक, लहान. मोठा घरी आणला, नियमात बसत होतं. आईने कोकम घालून कालवण केलं.

मामा मात्र गप्प होते. मग म्हणाले, "आज्याने याच पाण्यात खुद्री धरली होती. हाताच्या पंजाएवढं एक खवलं."

विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करताना इथल्या नद्यांतल्या माशांची वर्णनं लिहून गेला. १८३९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बरीचशी नावं त्याने शोधली नाहीत, इथल्या लोकांच्या तोंडची उचलली. म्हणून आज जगभर दख्खनी महासीर 'टॉर खुद्री' आहे, कोळस 'कोलस' आहे, शिंगटी-घोगऱ्याची नावंही तशीच लॅटिनमध्ये गेली. खुद्रीचा पहिला नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला. मामांच्या पूर्वजांपैकी कोणीतरी त्याला नाव सांगितलं असेल, असं मला मनापासून वाटतं. लोणावळ्याला टाटांच्या उबवणी केंद्रात खुद्रीची पिल्लं अजून तयार होतात, देशभर सोडली जातात. इथे सोडायची तर ती जगतील असं पाणी वर्षभर हवं.

२ ऑगस्ट

काल दरवाजे बंद झाले. एका रात्रीत पाणी उतरलं आणि पात्रातल्या खडकांत डबकी उरली. विठ्ठलवाडीजवळ तीन डबक्यांत मासे अडकलेत. ऊन आहे, पाणी दुपारी २९ अंश. दोन दिवसांत संपतील.

मी, मामा आणि माझ्या भाचीच्या वर्गातल्या पाच मुली. बादल्या, दोन मच्छरदाण्या. मुलींना काठावरच ठेवलं, पाण्यात आम्ही दोघंच. दुपारी चारपर्यंत वाहत्या धारेत सोडलेले: वाम ३, शिंगटे ९, रोहूची पिल्लं ४०च्या आसपास, आणि चांदीसारखे छोटे मासे मोजता आले नाहीत, सहा बादल्या.

चिलापी मी सोडू दिले नाहीत, आणि यावर वाद झाला. हा मासा आफ्रिकेतला, भारतात १९५२ मध्ये आणला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिला ना चढणीची गरज, ना पुराची भीती. रोहू-कटल्याला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, ते नसेल तर त्यांचं वर्ष वाया. घाण पाण्यात, बांधलेल्या पात्रात चिलापी जिंकणारच. त्याला आपण बादलीने का मदत करायची? एका मुलीने विचारलं, "पण तो पण जिवंत आहे ना मावशी?" आहे. तिला मी हेच उत्तर दिलं, आणि तरी ते सोडले नाहीत. मला ते सोपं गेलं नाही.

चिलापी मामांनी जाळ्यात बांधले. विकणार का, मी विचारलं. "विकणार. हे काय आम्ही आजच खातोय?" मी किट दाखवली, गाळातलं काय काय माशाच्या अंगात साठतं ते सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाजारात या टोपलीत धरणाचा मासा आणि नाल्याचा मासा शेजारी शेजारी पडतो. गिऱ्हाइकाला दिसतो का फरक? तुझ्या वहीत दिसतो. मग वही तिथे घेऊन चल."

उत्तर देता आलं नाही. रात्री जागून एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कोणत्या जागेचा मासा कधी खाण्याजोगा, पाण्याच्या वासावरून, तवंगावरून आणि कल्ल्यांच्या रंगावरून कसं ओळखायचं, आणि विसर्ग थांबल्यावर कोणत्या जागा सोडायच्या. उद्या मामा ते त्यांच्या लोकांना वाचून दाखवणार आहेत. टोपलीतले चिलापी त्यांनी विकले नाहीत. हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या नातवाने सांगितलं.

१६ ऑगस्ट

बंडगार्डन. वरून वाहून आलेल्या प्लॅस्टिकचा आणि जलपर्णीचा बंधाऱ्याला थर. इथे मुळेचंही पाणी येतं, नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. ही जागा वहीतून काढते. ज्या पाण्याचा उगम सांगता येत नाही त्यावर लिहून काय करू?

३० ऑगस्ट

दुसरा विसर्ग, लहान. उतरत्या पाण्यात दोन दिवस चांगले गेले. काडीची खूण पुन्हा खरी ठरली. मामांच्या तीन जोडीदारांनीही काड्या रोवल्या आहेत.

२० सप्टेंबर

विठ्ठलवाडीला वास परत आलाय. प्राणवायू तीन. गळ धुऊन, तेल लावून गुंडाळला.

नांदेडच्या ओढ्यावर गेलो. जूनमधले आमचे दगड जुलैच्या लोंढ्याने नदीत नेले होते, दोनच जागेवर. या वेळी तारेच्या जाळीच्या चार पेट्या केल्या, आत दगड भरले, मोरीच्या खाली पायऱ्यांसारख्या लावल्या आणि सळया ठोकून तळाला बांधल्या. शेताच्या मालकांनी सळया दिल्या. वर पाणथळीत डोकावलं तर बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लांचा एक थवा सावलीत फिरत होता. जूनमधल्या त्या एका संध्याकाळी काही मासे चढले होते तर.

सगळ्यात उंच पायरी आता चार इंच. मामांनी मोरीच्या कठड्याला खडूने रेघ मारली, पुढच्या मृगात पाणी कुठवर येतं ते बघायला. मी म्हटलं, खडू पुसला जाईल. त्यांनी खिशातून खिळा काढला आणि रेघ कोरली.